अकरा पोती

ता. ९ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र परवा मिळालं. गुडघा दुखतो म्हणून लिहितेस आणि त्याच पत्रात चार जिने चढून तुमच्या त्या बियाणे-कोठीत जातेस असंही लिहितेस. पन्नाशी उलटली, आता तरी माणसासारखी वाग. फोन कर म्हणतेस, पण गवत कापायच्या यंत्रानं छत्तीस वर्षांत माझे कान पार खाल्ले. पत्र बरं. मी ते मोठ्यानं वाचतो, म्हणजे तुझ्या वहिनीलाही कळतं, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे खालच्या मजल्यालाही.

आता कामाचं. बागेच्या मागच्या उतारावरचा खुळखुळा पुन्हा फुललाय. एकशेबारा झुडपं, ओळीनं, दोरी धरून लावलेली. एकूण एक पिवळी. फिरायला येणारे फोटो काढतात. पण शेंग नाही. सलग सहावं वर्ष. लहानपणी आपण वाळक्या शेंगा कानाशी धरून वाजवायचो आणि आई म्हणायची, बास करा, डोकं उठलं. आता डोकं उठवायलासुद्धा एक शेंग नाही.

हे आजच का लिहितो, तर मोठ्या साहेबांनी नकाशा दाखवला. उतार खणून तिथं बसायच्या पायऱ्या करायच्या आहेत, खाली गाण्याबजावण्याचा चौथरा. यंत्र एक एप्रिलला येणार. मी निवृत्त होणार एकतीस मार्चला. म्हणजे माझी पाठ वळायचीही वाट बघणार नाहीत. मी म्हटलं, साहेब, हे झुडूप आता जगात दुसरीकडे कुठं नाही, टेकडी होती तीही गेली. ते म्हणाले, मग तुमच्या बहिणीच्या कोठीत बी ठेवा, वाचेल. माणूस वाईट नाही. बोलला ते खरंच आहे. पण बी आणू कुठून?

तू एवढी शिकलेली. सांग काय करू. तुझी वहिनी बरी आहे. ती या झुडपांना सवत म्हणते आणि जेवायला उशीर झाला की सवतीकडेच जेवा म्हणते. पत्र लिही म्हटलं तर म्हणते, तुम्ही बहीणभाऊ लिहिता तेवढं पुरे.

माया आहे तशी राहू दे, आणि जिना हळू चढ.
तुझा
दादा

•

ता. १७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझा रागच आला. दहा वर्षांपूर्वी शेंगांनी झुडपं वाकलेली असायची तेव्हा मी ओंजळभर बी मागितलं होतं. तू म्हणालास, घाई काय, पुढच्या वर्षी पाठवतो. तुझं पुढचं वर्ष ते हे. असो. तुझ्यावर रागावून मला कधी काही मिळालेलं नाही.

आमच्याकडे लावायला फांद्यांच्या काड्या पाठवायच्या फंदात पडू नकोस. इथं जागा बियांना आहे, झुडपांना नाही. पाकिटात वाळवलेलं बी उणे वीस अंशावर ठेवलं की तुझ्या-माझ्या मागे साठ-सत्तर वर्षं सहज टिकतं. पन्नास बिया मिळाल्या तर मी सुटकेचा निःश्वास टाकीन. पाच मिळाल्या तरी घेईन.

मला वाटतं भुंगे गेले. खुळखुळ्याचं फूल असं आहे की खालच्या होडीसारख्या पाकळीवर कुणीतरी जड बसलं तरच ती दबते आणि टोकातून पराग बाहेर येतो. मधमाशीच्या अंगात तेवढं वजन नाही. त्याला तो मोठा काळा भुंगाच लागतो, आणि तो राहतो वाळक्या लाकडात भोक पाडून. तू तुझी बाग इतकी लख्ख ठेवतोस की वाळकी फांदी दिसली रे दिसली की करवत. त्यात डासांसाठी धूर मारणारी गाडी. बिचाऱ्यानं राहावं कुठं?

तेव्हा एक कर. जुने वाळके ओंडके उतारावर आणून टाक, घाण दिसली तरी. आणि रोज सकाळी एक तास बसून मोज किती भुंगे येतात. वहीत लिही. तुझ्या मोजण्यावर माझा विश्वास आहे. एकट्यानं हातगाडीवर टेकडीवरून अकरा झुडपं पोत्यांत घालून आणणारा माणूस आहेस तू. रस्त्याचं यंत्र मागे उभं आणि तू पुढे पोती ओढतोयस, ही गोष्ट मी इथं प्रत्येक नव्या मुलीला सांगते. त्या मला कंटाळल्या आहेत.

तुझा तो पंपघरावरचा दोस्त कुठे असतो हल्ली? त्याच्याकडे असतील ओंडके.

वहिनीला नमस्कार. सवतीला जरा सांभाळून घे म्हणावं, तिचे दिवस थोडे राहिलेत.
तुझ्या लोभावरच उड्या मारणारी,
ठकी

•

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक उ. आ.

पंपवाल्याचं नाव माझ्यासमोर काढू नकोस. ओंडके मी गोदामामागून आणले. तीन मोठे, एक पोकळ. ते उतारावर टाकताना माझाच हात वळेना. छत्तीस वर्षं जे उचललं ते परत आणून टाकायचं. हाताखालच्या बाईनं विचारलं, मुकादम, तब्येत बरी आहे ना?

पण तू म्हणालीस तसं झालं. तिसऱ्याच दिवशी पोकळ ओंडक्याखाली पिवळा भुसा दिसला, पिठासारखा बारीक. वर बघतो तर बोटाच्या पेराएवढं गोल भोक, जणू सुतारानं गिरमिटानं पाडलेलं. चौथ्या दिवशी भुंगा पाहिला. चांगला अंगठ्याएवढा, काळा कुळकुळीत, पंखांवर निळी झाक. फुलावर बसला की अख्खी डहाळी वाकते. मी सगळं काम सोडून बसलो. वहीत लिहिलंय: पहिल्या आठवड्यात तासाला दोन, आता तासाला सात. एका झुडपावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, ओळीनं. माझ्या ओळी त्यालाही सोयीच्या पडतात, ओळींना हसणाऱ्या तुझ्या वहिनीला तूच सांग.

ठके, इतक्या वर्षांत मला हे दिसलं नव्हतं याची लाज वाटली. मी फुलं बघायचो, फुलावर कोण येतं ते बघत नव्हतो.

पण शेंग नाही. भुंगा बसून गेलेल्या फुलांना मी दोरे बांधले, तू विचारशील म्हणून. त्रेसष्ट फुलं. पाचव्या-सहाव्या दिवशी देठापासून गळून पडली, सगळी. हातात घेतली तर आत काहीच नाही. भुंगे आले, पाकळी दबली, पराग निघाला, मग राहिलं काय? छातीत अधूनमधून जड वाटतं, उतार चढ-उतर करून असेल. वहिनी डॉक्टरकडे चला म्हणते. एप्रिलमध्ये जाऊ, तेव्हा मला दुसरं काम काय असणार आहे.

उत्तर लवकर धाड. मोहोर मार्चअखेरपर्यंतच आहे.
काळजी करणारा आणि तुलाही करायला लावणारा,
दादा

•

ता. १० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि कोठीतल्या मोठ्या बाईंपुढे ठेवलं. तुझ्या वहीतल्या नोंदी बघून त्या म्हणाल्या, या माणसाला आमच्याकडे का नाही घेतलं. आता डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस.

दोन दिवस विचार करते आहे. शेंगा बंद कधी झाल्या? सहा वर्षांपूर्वी. आणि रस्त्यापलीकडची उरलेली अर्धी टेकडी कापून इमारती कधी झाल्या? सहा वर्षांपूर्वीच. म्हणजे तोवर भुंगे पलीकडच्या झुडपांचा पराग अंगावर घेऊन तुझ्याकडे येत होते, आणि शेंगा धरत होत्या त्या त्यांच्यामुळे. तुझी झुडपं आपापसात कधी फळली नसावीत.

काही झाडं अशी असतात, दादा. स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही. दुसऱ्या झाडाचाच लागतो. आणि काडी लावून केलेलं झाड हे दुसरं झाड नसतं, तेच झाड असतं, मग तू एकाच्या काड्यांची शंभर कर. म्हणून सरळ विचारते. तुझी एकशेबारा झुडपं त्या अकरांच्या काड्यांपासून झाली, हे मला माहीत आहे. पण कुठल्या कुणाच्या, हे तुला आठवतं का? का सगळ्या एकाच्याच काड्या घेतल्यास, त्याची छान फुटतात म्हणून? मूळ अकरा जिवंत असतील तर काळजीचं कारणच नाही. त्यांच्यातल्या त्यांच्यात परागाची अदलाबदल करायची.

शेंगांतून पडलेलं बी उतारावर रुजलं असेल ना पूर्वी? त्यातली रोपं असतील तर तीही चालतील.

छातीचं एप्रिलवर ढकलू नकोस. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.
रागालोभाची,
ठकी

•

ता. १३ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

अकराची अकरा आहेत. वरच्या ओळीत, डावीकडून. काळजी नसावी.

रोपं उगवायची, पण ओळ सोडून कुठंही. मी तण म्हणून उपटली. दर वर्षी.

पराग कसा बदलायचा ते सविस्तर लिही. शेजारच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून बारीक ब्रश आणून ठेवला आहे. वहिनी ठीक. छाती ठीक.
दादा

•

ता. १६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

देवमाणसा, अकराही आहेत हे वाचून मी कोठीतच मोठ्यानं हसले. मग काळजी मिटली.

असं कर. पहिल्या झुडपाचं ताजं फूल घे, होडीसारखी पाकळी दोन बोटांत हलके दाब, टोकातून पिवळी लगदी येईल ती ब्रशवर घे आणि चौथ्या झुडपाच्या फुलाला लाव. चौथ्याचं सातव्याला, सातव्याचं अकराव्याला. शेजारशेजारची नकोत. सकाळी दहाच्या आत, नंतर पराग सुकतो. प्रत्येक फुलाला दोरा, पहिल्याचा लाल, चौथ्याचा पांढरा, असं. दिवसाला चाळीस फुलं झाली तरी पुष्कळ. आठ दिवसांत शेंगा धरलेल्या दिसतील. मग यंत्र यायच्या आत फांद्यांसकट कापून पाण्यात उभ्या करू, उरलेलं पिकणं घरी.

तुझ्या हातानं लावलेलं कधी मेलेलं नाही. हेही होईल.
खुशीत असलेली,
ठकी

•

ता. ६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी मिळाली. "सहाशेचाळीस फुलं केली. एकही धरलं नाही." एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

दादा, हे शक्य नाही. अकरा वेगवेगळी झुडपं असतील तर शंभरातली चाळीस तरी धरायलाच हवीत. मी हेच काम करते, मला कळतं. म्हणजे तू सांगितलं तसं केलेलं नाहीस. दुपारी केलंस, किंवा हात थरथरतो आणि ब्रश नुसताच फिरवलास, किंवा केलंच नाहीस आणि मला बरं वाटावं म्हणून आकडा लिहिलास. तुला कुणी चूक दाखवली की तू असाच तुटक होतोस, आईच्या वेळेपासून. तुझ्या शब्दावर मी इथं मोठ्या बाईंना सांगून कपाटात जागा राखून ठेवली. आता त्यांना काय तोंड दाखवू? मोहोराचे थोडेच दिवस उरले. एक झुडूप जगातून जाईल आणि ते तुझ्या हलगर्जीपणानं जाईल, हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खोटं तरी कशाला लिहू?

खरं काय ते कळव.
ठकी

•

ता. २१ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्ही नीट पोचल्याचं कळलं. मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा आगंमागं झालं तर सांभाळून घ्या. फोनवर बोलण्यासारखं हे नव्हतं.

तुम्ही गेल्यावर ह्यांचा कामाचा कोट धुवायला घेतला. अकरा तारखेला अंगावर होता तोच. आतल्या खिशात तुमचं सहा तारखेचं पत्र होतं आणि त्यालाच घडी घालून ह्यांनी लिहिलेलं उत्तर. टाकायचं राहिलेलं. ते सोबत पाठवते आहे. मी वाचलं आहे.

वन्सं, तुमची सगळी पत्रं ह्यांनी मोठ्यानं वाचली. सहा तारखेचं तेवढं मनात वाचलं. मी विचारलं, काय म्हणते ठकी. तर म्हणाले, मजेत आहे. हे तुम्हाला बोचावं म्हणून लिहीत नाही. खरं सांगायचं तर थोडं बोचावं असंही वाटतं. मी तुमच्यावर रागावले होते, अजून पुरता राग गेलेला नाही. पण तुमच्याशिवाय मला तरी आता ह्यांच्याबद्दल बोलायला कोण आहे.

आणखी एक. ते उतारावर पडले तेव्हा शेजारी जेवणाचा डबा होता, आठवतं? आत ओला फडका आणि त्यात खुळखुळ्याची फुलं. आपल्याला वाटलं, अशीच तोडली असतील. तुम्हीच ती फुलं टाकलीत आणि डबा घासून पालथा घातलात. ते पत्र वाचलं की तुम्हाला कळेल ती कशासाठी होती.

उद्या सकाळी मी पंपघरावर जाऊन येते.
तुमची
वहिनी

(सोबतचं पत्र)

ता. १० मार्च

चि. ठके,
अनेक आशीर्वाद.

सहाशेचाळीस केली. सकाळीच केली. हात थरथरत नाही. एवढं तुला पटलं पाहिजे, बाकी तू लिहिलंस ते मी सोसलं असतं.

अकरा नाहीत. एकच आहे. वरच्या ओळीतली अकरा त्या एकाच्याच काड्या, खालची एकशेएक त्या काड्यांच्या काड्या.

पोती अकराच आणली होती, ते खरं. एक मी पंपवाल्याला दिलं. उरलेली दहा उतारावर लावली. मग मार्चअखेर तुझ्याकडची तार आली. तुझे यजमान वारल्यावर तू अंथरूण धरलंस, खाणं सोडलंस, भिंतीकडे तोंड करून पडायचीस. मी बावन्न दिवस तुझ्याकडे होतो. पंपवाल्याला सांगून गेलो होतो पाणी घाल म्हणून. परत आलो तर नऊ जळालेली. मी त्याला भर रस्त्यात नाही नाही ते बोललो. पुढे कळलं, त्या उन्हाळ्यात महिनाभर शहरालाच पाणी नव्हतं, तो खांद्यावरून कळशी नेत होता, एक वाचलं ते त्याच्या कळशीनं. तोवर अठरा महिने गेले होते. मग बोलणं जमलं नाही.

तू बरी झाल्यावर पहिल्या पत्रात विचारलंस, माझी अकरा झुडपं कशी आहेत. माझी म्हणालीस. तेव्हा तुला कसं सांगणार होतो की तुझ्याजवळ बसलो म्हणून ती गेली? तू पुन्हा भिंतीकडे वळली असतीस. नऊ जागी काड्या लावल्या, एक जास्तीची लावली, अकरा केली आणि लिहिलं, छान आहेत. एकदा लिहिलं की पुढे तेच लिहावं लागतं. मला काय ठाऊक की झाडाला हे कळतं! माणसांना नाही कळलं अठरा वर्षं.

फेब्रुवारीत तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही जमलं. म्हटलं, ब्रशनं होईलही. रोज दोरे बांधताना वाटायचं, कशाला बांधतोयस रे. तरी बांधत होतो.

पंपवाल्याचं झुडूप पंपघरामागे होतं. पाइप तिथं बारमाही गळतो, तेव्हा असेल. ते टेकडीच्या दुसऱ्या अंगाचं. उद्या ओल्या फडक्यात फुलं घेऊन त्याच्याकडे जातो. आधी काय बोलायचं ते ठरवतो आहे, परागाचं नंतर.

आता रागाव हवी तेवढी. पण तेव्हा तुझ्याजवळ होतो याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. नऊ काय, टेकडी गेली असती तरी आलो असतो.
दादा

•

ता. २६ मार्च

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

काय लिहू? चार कागद फाडले. मी त्याला हलगर्जी म्हटलं. त्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत त्याच्या खिशात माझं हे होतं. आणि डबा मीच घासला. फुलं तोवर सुकली होती, कशाचीच राहिली नव्हती, हे मला कळतं. तरी स्वप्नात रोज तो डबा घासते आहे.

त्या बावन्न दिवसांतलं मला फार थोडं आठवतं. दादा खिडकीशी बसून शेंगदाणे सोलायचा आणि एकेक माझ्या हातावर ठेवायचा, एवढं आठवतं. झुडपांची चौकशी मी त्याला खूश करायला केली होती. माझं काही त्यांच्यावर एवढं प्रेम नव्हतं गं. त्याचं आहे असं मला वाटलं, माझं आहे असं त्याला.

पंपघरावर झुडूप असेल तर उताराची फुलं तिकडे न्यायची, तिकडची इकडे नाही. उतार खणला जाणार, शेंग पिकायला दीड महिना लागतो. पण तू हे करावंस असं मी म्हणत नाही. तुला कुठल्या तोंडानं सांगू?

राग ठेव, पण मला टाकू नकोस.
ठकी

•

ता. ९ मे

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काही हाती लागेल याची खात्री नव्हती आणि तुम्हाला दुसऱ्यांदा आशेला लावायचं माझ्या जिवावर आलं.

बावीस मार्चला मी पंपघरावर गेले. पंपवाला भेटला. केस पांढरे, कमरेत वाकलाय. ह्यांचं त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं तर पंपाच्या कट्ट्यावर बसून राहिला. मग मी ह्यांच्या पत्रातला तो कळशीचा भाग त्याला तोंडपाठ म्हणून दाखवला. ऐकून म्हणाला, अठ्ठावीस फेऱ्या मारल्या होत्या, वहिनी. अठरा वर्षं आकडा लक्षात ठेवलान. मग उठून मला मागे घेऊन गेला.

झुडूप होतं. एकच, पण भिंतीच्या वर गेलेलं, वेडंवाकडं, ह्यांनी पाहिलं असतं तर कात्री घेतली असती. मोहोर सरत आला होता, तरी खालच्या सावलीतल्या डहाळ्यांवर फुलं होती. पंपवाला म्हणाला, हे दर वर्षी फुलतं आणि नुसतंच गळतं. मला हसू आलं आणि रडूही. दोघांची झुडपं चार रस्ते पलीकडे, दोघांचीही वांझ, आणि दोघंही एकमेकांचं तोंड बघेनात.

तुमची पत्रं ह्यांनी खालच्या मजल्याला ऐकू जातील अशी वाचली होती, त्यामुळे मला पाकळी दाबण्यापासून सगळं पाठ. तुमचं सव्वीसचं येण्याआधीच मी सुरुवात केली होती. रोज पहाट फुटली की उतारावर, तोच डबा, ओला फडका, मग बसनं पंपघर, दहाच्या आत ब्रश. नऊ दिवस. एकशेचार फुलं. दोरे मी सगळे लालच बांधले, माझ्याकडे तेवढाच रंग होता. बागेतली ती हाताखालची बाई फुलं तोडायला मदत करायची आणि साहेब मला बघून न बघितल्यासारखं करायचे.

एक तारखेला यंत्र आलं. मी गेले होते. जायला नको होतं. सकाळी नऊला पहिली ओळ गेली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतार नुसता लाल माती. झुडपं एका कोपऱ्यात ढीग करून टाकली, त्यांच्यावर फुलं तशीच होती, आणि भुंगे त्या ढिगाऱ्यावर येऊन बसत होते. ते पाहवलं नाही. पोकळ ओंडका तेवढा मी मागून घेतला. भोकांवर ओला कपडा बांधून, पंपवाल्याच्या हातगाडीवर घालून पंपघरामागे नेला. आतल्या पाच भुंग्यांतले दोन राहिले. ह्यांच्या वहीत मी आता लिहिते: तासाला एक, कधी दोन.

उतारावरचं झुडूप गेलं, वन्सं. ते आता कुठेच नाही. मी घरी चार काड्या लावल्या होत्या, चारही जळाल्या. ह्यांचा हात माझ्याकडे नाही.

एकशेचारपैकी एकतीस धरली. काही किडीनं खाल्ली, काही वाऱ्यानं गेली. नऊ शेंगा पिकल्या. सात या डब्यात कापसावर ठेवून पाठवते आहे. दोन मी ठेवल्या, त्या मागू नका. एक पंपवाल्याला दिली, एक ह्यांच्या कोटाच्या खिशात आहे. माझा राग कुठवर आला म्हणून विचाराल तर अजून येऊन-जाऊन असतो. सुट्टी मिळाली की या. खोली रिकामीच असते.

डबा मिळाला की बी काढायची घाई करू नका. ह्यांना शेवटी शेवटी हे ऐकू आलंच नसतं, म्हणून तुम्हाला सांगते. आधी एक शेंग कानाशी धरा, आणि हलवा.
तुमची
वहिनी